सरकारी हॉस्पिटलातलं सुरक्षा क्लिनिक आणि एआरटी सेंटर : मावशीबरोबर खेटे घालून लिहिलेला रिव्ह्यू

बरेच दिवस हे लिहायचं होतं. हॉटेलचे, मोबाईलचे, पार्लरचे रिव्ह्यू लोक भरभरून लिहितात, पण ज्या दारात जाताना आपण तोंडाला ओढणी गुंडाळतो त्या जागेबद्दल, म्हणजे गुप्तरोगाच्या आणि एचआयव्हीच्या सरकारी दवाखान्याबद्दल, कुणी काही लिहीत नाही, आणि मग ज्याला खरी गरज असते तो कुठे जाऊ, कुणाला विचारू या विचारातच सहा-सहा महिने काढतो. म्हणून लिहितेय. हॉस्पिटलचं नाव टाकत नाहीये, पश्चिम महाराष्ट्रातलं एक जिल्ह्याचं सरकारी हॉस्पिटल एवढंच समजा. मावशीला ओळखणारी माणसं त्या गावात आहेत आणि तिचं कुणाला सांगायचं, कुणाला नाही ते तिनं ठरवायचं. तिला विचारूनच लिहितेय हे पण सांगून ठेवते. आणि मी सांगतेय त्या सोयी थोड्याफार फरकाने सगळ्याच जिल्ह्यांत आहेत, त्यामुळे नाव नसलं तरी अडणार नाही.

आधी माझं सांगते. तीन वर्षांपूर्वी मला अंगावरून पांढरं जायचा त्रास सुरू झाला, सोबत खाज आणि वास, आणि मी जवळजवळ पाच महिने कुणाला बोलले नाही. घरात सासूबाई, दोन मुलं, नवरा शिफ्टवर, सांगणार कुणाला आणि कधी. शेवटी एका खाजगी दवाखान्यात गेले. तिथे दार सताड उघडं, बाहेर पेशंट बसलेले, डॉक्टरांनी तपासलं काहीच नाही, बाईच्या जातीला हे चालायचंच म्हणाले आणि टॉनिक लिहून दिलं. टॉनिक आणि फी मिळून सातशे रुपये गेले आणि त्रास होता तसाच राहिला. फोनवर मावशीला कसं कोण जाणे बोलून गेले, तर ती म्हणाली, अगं माझ्याबरोबर चल की, मी गोळ्या आणायला जाते त्याच्या शेजारच्याच खोलीत ते असतं.

तर ते म्हणजे सुरक्षा क्लिनिक. गुप्तरोगाचा दवाखाना म्हटलं की जी नजर आपल्याकडे वळते ती वळू नये म्हणून सरकारने हे नाव ठेवलंय, आणि खरं सांगते, नावाने फरक पडतो, केसपेपरच्या खिडकीवर मला फक्त सुरक्षा म्हणायला लागलं. आत गेल्यावर सिस्टरांनी पहिलं काम काय केलं असेल तर दाराची कडी लावली. त्या कडीच्या आवाजानेच मला रडू आलं हो. मग पडदा ओढून व्यवस्थित तपासलं, आत यंत्र घालून तपासताना आधी सांगितलं की आता गार लागेल, श्वास सोडा. आणि औषध म्हणून हिरव्या रंगाचं पाकीट हातात ठेवलं. मला वाटलं रंग असाच असेल, पण नाही, त्याला अर्थ आहे. पांढरं जाण्यासाठी हिरवं किट, ओटीपोटात दुखत असेल तर पिवळं, जखम असेल तर पांढरं किंवा निळं, पाण्याचे फोड असतील तर लाल, असे सात रंग ठरलेले आहेत. लक्षणावरून त्याच दिवशी पूर्ण कोर्स हातात, रिपोर्टसाठी आठ दिवस थांबा, मग परत या, मग औषध बाहेरून आणा हा प्रकारच नाही, कारण बाई एकदा घरी गेली की परत येईलच याची खात्री कुणाला आहे? मला चार-पाच दिवसांत उतार पडला. पैसे शून्य.

पण मुद्द्याची गोष्ट पुढे आहे. औषध देऊन झाल्यावर काउन्सेलर मॅडमनी दोन प्रश्न विचारले. मिस्टरांना काही त्रास आहे का, लघवीला जळजळ, जखम वगैरे? आणि तुम्ही एचआयव्हीची टेस्ट कधी केलीय का? मी एकदम ताठ झाले. म्हटलं, मॅडम मी तशी नाहीये. त्या अजिबात रागावल्या नाहीत, फक्त एवढंच म्हणाल्या की ताई, तशी म्हणजे कशी ते आम्ही विचारतच नाही, इथे येणाऱ्या प्रत्येकीला टेस्ट विचारतो, तुम्ही नाही म्हणालात तरी औषध मिळणारच आहे. आणि शेजारी मावशी बसली होती, ती काही न बोलता माझ्या हातावर हात ठेवून बसली.

मावशीचं ऐका. ती माझ्या आईची धाकटी बहीण, एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन साताऱ्याकडच्या गावात गेली, काका मुंबईत गोदीत कामाला, गणपतीला आणि गावच्या जत्रेला यायचे. १९९८ ला काका गेले. टीबी म्हणाले सगळे. तेव्हा मावशी २७ ची. वर्षभरात ती स्वतः आजारी पडली, एका नर्सिंग होममध्ये तिला न विचारता रक्त तपासलं आणि रिपोर्ट व्हरांड्यात उभं राहून मोठ्याने वाचला, दीर शेजारी उभा होता. त्या संध्याकाळी तिचं ताट-वाटी वेगळं झालं आणि आठवड्यात ती माहेरी आली. पण तिला आजही कशाचं सगळ्यात जास्त लागतं माहितीय? घर गेलं त्याचं नाही. ती सांगत राहिली की नवऱ्याशिवाय मी कुणाचा पदर सुद्धा लागू दिला नाही, आणि तिच्या सख्ख्या भावासकट एकानेही तिच्यावर विश्वास ठेवला नाही.

आणि आता जे सांगणार आहे ते मला कितीतरी वर्षांनी कळलं. मावशीला कुणी खरं मानत नव्हतं, त्याच्या काही वर्षं आधीच पुण्यात एक डॉक्टर अशाच बायकांना ओळीने बसवून विचारत होते आणि लिहून घेत होते. डॉ. रमण गंगाखेडकर. तुम्हाला ते कोविडमुळे आठवत असतील, २०२० च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या प्रेस ब्रीफिंगमध्ये आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या बाजूने बोलायचे ते. मीही तेव्हाच पाहिलं, शांत बोलतात म्हणून नाव शोधलं, आणि बघते तर माणसाची जवळजवळ सगळी कारकीर्द एचआयव्ही आणि गुप्तरोगावरची, ती पण आपल्या भोसरीत! १९९२ मध्ये तिथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली, सगळे तिला नारी म्हणतात (आता नाव बदलून लांबलचक झालंय, पण रिक्षावाल्याला नारीच म्हणायचं). अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाबरोबर त्यांचं काम चालायचं आणि ते काम एसी लॅबमधलं कमी, पुण्यातल्या गुप्तरोगाच्या दवाखान्यांतलं जास्त. तेच दवाखाने, जिथे कुणी जाताना दिसलं तरी लोक कुजबुजतात.

१९९३ च्या मे महिन्यापासून १९९६ च्या जुलैपर्यंत त्या दवाखान्यांत आलेल्या ९१६ बायका. त्यातल्या ५२५ धंदा करणाऱ्या, आणि ३९१ धंद्यात नसलेल्या, बहुतेक लग्न झालेल्या, आपल्यासारख्या. धंद्यातल्या बायकांत निम्म्यांना एचआयव्ही निघाला, ४९.९ टक्के, ते वाईटच, पण त्याचा अंदाज लोकांना होता. धक्का होता तो दुसऱ्या आकड्याचा. त्या ३९१ मध्ये १३.६ टक्के. म्हणजे सातातली जवळजवळ एक. आणि त्यांचा दोष काय, तर नवरा. जोडीदाराला गुप्तरोग होता तिथे धोका जास्त. १९९७ मध्ये जामा या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं, पहिलं नाव गंगाखेडकरांचं, आणि लेखाच्या नावातच लिहिलंय की एकनिष्ठ विवाहित बायकांमध्ये भारतात एचआयव्ही पसरतोय. १९९७, म्हणजे काका जायच्या एक वर्ष आधी. मी मावशीला हे मराठीत सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, कुणी लिहिलंय? मी म्हटलं डॉक्टरांनी. ती म्हणाली, म्हणजे माझ्यासारख्या तीनशे नव्वद जणींचं त्यांनी ऐकून घेतलं. आकडा तिचा थोडा चुकला, मी दुरुस्त केला नाही.

म्हणून मी म्हणतेय की मॅडमचे ते दोन प्रश्न, मिस्टरांना त्रास आहे का आणि टेस्ट केलीय का, हे त्यांच्या मनाचे नव्हते. पुण्यात तीन वर्षं कुणीतरी बसून मोजलं तेव्हा कळलं की बाईला तू तशी आहेस का हे विचारून काही हाती लागत नाही, आलेल्या प्रत्येकीला टेस्ट विचारायची आणि नवऱ्यालाही बोलवायचं. माझ्या नवऱ्याला पण बोलावलं होतं, तो आला, थोडा अवघडला, पण आला. आम्हा दोघांची टेस्ट झाली.

टेस्टचं पण सांगते कारण भीती त्याचीच असते. आयसीटीसी नावाची खोली असते, तिथे आधी काउन्सेलर एकट्याला आत घेऊन बोलतात, निगेटिव्ह आला तर काय, पॉझिटिव्ह आला तर काय हे दोन्ही आधीच समजावतात, मग कागदावर तुमची सही किंवा अंगठा घेतात आणि मगच रक्त. पॉझिटिव्ह आहे असं सांगायच्या आधी तीन वेगवेगळ्या प्रकारच्या टेस्ट करतात, एका टेस्टवर कुणाला काही सांगत नाहीत. रिपोर्ट ज्याचा त्याच्याच हातात. नवऱ्याचा रिपोर्ट मला दिला नाही, मी मागितला तरी दिला नाही, मला तेव्हा जरा राग आला पण मावशीचा तो व्हरांडा आठवला आणि गप्प बसले. आता तर कायदाच आहे, एचआयव्ही आणि एड्स कायदा २०१७, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालाय, परवानगीशिवाय टेस्ट करता येत नाही आणि कुणाचं स्टेटस फोडता येत नाही, नोकरीवरून काढता येत नाही. आमचे दोघांचे रिपोर्ट निगेटिव्ह आले. गुप्तरोगाची म्हणून सिफिलिसची टेस्ट पण त्याच रक्तात करून टाकली.

आता एआरटी सेंटर, एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात ते, म्हणजे मावशीचं. इथे मी २००६ पासून तिच्याबरोबर जातेय, आधी कॉलेजात होते म्हणून जायचे, नंतर सवय म्हणून, आता तिचे गुडघे दुखतात म्हणून. सरकारी फुकट औषधं देशात १ एप्रिल २००४ ला सुरू झाली, तीही आधी आठच मोठ्या हॉस्पिटलांत. त्याच्या आधी सिप्लाने २००१ मध्ये तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली तेव्हा जगात केवढा गवगवा झाला होता, दिवसाला एक डॉलरच्या आत, पण मावशी तेव्हा ब्लाउज शिवून दिवसाला तीस-चाळीस रुपये मिळवायची, तिला एक डॉलर काय आणि दहा डॉलर काय. ती फक्त वाट बघत राहिली. आणि फुकट सुरू झाल्यावरसुद्धा नियम होता की सीडी४, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, दोनशेच्या खाली गेल्याशिवाय गोळी नाही. म्हणजे शरीराची ताकद अगदी तळाला जाईपर्यंत थांबायचं. २००६ ला तिचा आकडा खाली आला तेव्हा वजन ३४ किलो होतं.

पहिल्या गोळ्यांनी जीव वाचवला पण चेहरा घेतला. स्टॅव्हुडीन नावाचं औषध होतं त्यात, दोन वर्षांत तिचे गाल आत गेले, हातापायाच्या शिरा वर आल्या, तळपायाला रात्री मुंग्या यायच्या, पाय गार फरशीवर ठेवून झोपायची. मग ते बदललं. नंतर एक गोळी आली ती रात्री झोपताना घ्यायची, त्यात एफाविरेंझ असायचं, विचित्र विचित्र स्वप्नं पडायची तिला, विहिरीत पडल्याची, काका जेवायला बसल्याची. आणि आता गेली काही वर्षं डोल्युटेग्राविर असलेली एकच गोळी, दिवसातून एकदा, काही त्रास नाही. गाल मात्र पुरते भरले नाहीत. ती आरशात बघत नाही फारशी.

सेंटरमधलं एक दृश्य मला तुम्हाला दाखवायचंय. प्रत्येक फेरीला उरलेल्या गोळ्या मोजतात. बाटली न्यायचीच, रिकामी असली तरी. मावशीची बाटली बघण्यासारखी असते. वरचं लेबल तिनं पाण्यात भिजवून काढलेलं असतं आणि आत गोळ्यांवर कापसाचा बोळा दाबून बसवलेला असतो, कारण एसटीत गचके बसले की गोळ्या खुळखुळतात आणि शेजारची बाई विचारते, कसल्या गोळ्या हो? सिस्टर कापूस बाजूला काढून ठेवतात, स्टीलच्या ट्रेमध्ये गोळ्या ओततात, दोन-दोन करून बोटाने सरकवत मोजतात, ग्रीन बुकात आकडा लिहितात, आणि जाताना कापूस आठवणीने परत घालून देतात. हे मी किती वेळा पाहिलंय. एकदाही कुणी विचारलं नाही की कापूस कशाला. तिथे बसलेल्या सगळ्यांनाच माहिती असतं.

मग चार ठरलेले प्रश्न, खोकला आहे का, ताप येतो का, वजन कमी झालंय का, रात्री घाम येतो का, टीबी लवकर पकडायला. आणि वर्षातून एकदा व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते मोजायची टेस्ट. मावशीचा गेली कित्येक वर्षं एकच रिझल्ट येतो, विषाणू सापडला नाही. बरी झाली असं नाही, गोळी बंद केली तर परत येणार, पण रक्तात मोजण्याइतका नाही. आणि इथे परत पुण्याचा संबंध येतो. ज्याच्या रक्तात विषाणू सापडत नाही त्याच्यापासून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे आता सेंटरच्या भिंतीवर लावलेलं असतं, पण ते कुणीतरी सिद्ध केलं तेव्हा लागलं. एचपीटीएन ०५२ नावाची ट्रायल होती, नऊ देशांत १७६३ जोडपी, एकाला एचआयव्ही आणि एकाला नाही अशी. त्यात आपल्याकडच्या जागा होत्या पुण्याची नारी आणि चेन्नईची वायआरजी केअर, नारीच्या डॉ. शीला गोडबोले त्या टीममध्ये होत्या. २०११ मध्ये निकाल आला की लवकर औषध सुरू केलं तर जोडीदाराला लागण व्हायचं प्रमाण ९६ टक्क्यांनी कमी होतं. म्हणजे सीडी४ खाली जायची वाट बघत बसणं हे पेशंटलाही वाईट आणि घरच्यालाही. तरी आपल्याकडे पॉझिटिव्ह आला की लगेच औषध हा नियम यायला २०१७ उजाडलं. मला नेहमी वाटतं, त्या जोडप्यांत आपली पुण्याची, पिंपरीची, कुठल्या चाळीतली माणसं असतील, त्यांनी दर महिन्याला जाऊन रक्त दिलं असेल, आणि त्यांची नावं कधी कुणाला कळणार नाहीत.

वायआरजी केअरवरून आठवलं, तिथेही मराठी धागा आहे आणि तो फार लोकांना माहिती नसतो. डॉ. सुनीती सोलोमन, माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या, वायआरजी मधला जी म्हणजे गायतोंडेच. भारतात एचआयव्ही नाहीच असं सगळे म्हणत होते तेव्हा १९८६ मध्ये त्यांनी आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी चेन्नईत बायकांचं रक्त तपासून पहिल्यांदा तो शोधून काढला. मग १९९३ मध्ये त्यांनी स्वतःचं सेंटर काढलं, रिसर्च तिथेच आणि ज्यांना हॉस्पिटलं दारातून परत पाठवायची ते पेशंटही तिथेच, पुढे तर पॉझिटिव्ह मुलामुलींची लग्नं सुद्धा जुळवून द्यायच्या. २०१५ ला त्या गेल्या, पद्मश्री २०१७ मध्ये मिळाली, मरणोत्तर. गंगाखेडकरांना २०२० मध्ये. या लोकांच्या कामाबद्दल वाचताना माझ्या लक्षात आलं की क्लिनिकल रिसर्च म्हणजे आपल्याला वाटतं तसं बाटल्या आणि मायक्रोस्कोप नाही, ज्याच्याशी कुणी बोलत नाही अशा माणसाला खुर्ची देऊन तेच दहा प्रश्न हजार वेळा विचारायचे, तेही त्याला लाज वाटणार नाही अशा आवाजात, आणि परत सहा महिन्यांनी तो आला की त्याला नावाने ओळखायचं.

सगळ्याच ट्रायल काही यशस्वी होत नाहीत हे पण लिहायला हवं. २००५ च्या फेब्रुवारीत एचआयव्हीच्या लसीची भारतातली पहिली चाचणी पुण्यात नारीतच सुरू झाली, निरोगी लोकांनी स्वतःहून दंड पुढे केला, लस काही हवी तशी निघाली नाही. ससूनच्या बीजे मेडिकल कॉलेजात आईच्या दुधातून बाळाला लागण होऊ नये म्हणून बाळाला सहा आठवडे नेव्हिरापीन हे एचआयव्हीचं औषध द्यायची ट्रायल झाली, इथिओपिया आणि युगांडाबरोबर, २००८ मध्ये निकाल छापला, सहा आठवड्यांपर्यंत फायदा दिसला पण सहा महिन्यांनी तो फरक तेवढा पक्का राहिला नाही. तरी त्यातूनच पुढचं शिकले ना. आता गरोदर बाईला आधीपासूनच पूर्ण औषध चालू असतं.

आता तक्रारी. सेवा चांगली म्हणजे सगळं चांगलं असं नाही, आणि मी खोटं लिहिणार नाही.

एक म्हणजे खोली. एआरटी सेंटर व्हरांड्याच्या एकदम टोकाला आहे आणि बाहेर बाकडी, म्हणजे तिकडे वळलेला माणूस कशासाठी वळला हे सगळ्या हॉस्पिटलला कळतं. सुरक्षाला नाव बदलून जे साधलं ते इथे जागेने घालवलं. मावशी अजून बाकड्यावर बसत नाही, जिन्याखाली उभी राहते आणि नंबर आला की मी खुणावते. व्हायरल लोडचा नमुना बाहेरच्या लॅबला जातो, रिपोर्ट यायला एकदा दोन महिने लागले. मागे एकदा स्टॉक कमी होता तर तीन महिन्यांऐवजी पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या, म्हणजे मावशीला महिन्यात दोनदा एसटी, दोनदा मजुरी बुडली, आणि ती तर जवळ राहते, डोंगरातून येणारे काय करत असतील. कोविडपासून तीन महिन्यांच्या एकदम मिळतात ही फार मोठी सोय आहे, ती कायम ठेवा, हात जोडून सांगते.

आणि काउन्सेलर. सगळे कंत्राटी. माझ्या त्या कडी लावणाऱ्या सिस्टर आहेत अजून, पण काउन्सेलर मॅडम दोन वर्षांत सोडून गेल्या कारण घर चालत नव्हतं. ज्यांच्यासमोर माणूस आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट बोलतो त्या दर दोन वर्षांनी बदलल्या तर कसं व्हायचं? नवीन आलेला मुलगा भला आहे, पण मावशी त्याच्याशी बायकांचं काही बोलत नाही. पॉझिटिव्ह बायकांनी गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी वेळोवेळी करून घ्यायला हवी, त्यांना तो कॅन्सर व्हायचा धोका जास्त असतो, चिठ्ठी तो देतो पण ती चिठ्ठी घेऊन पलीकडच्या बिल्डिंगमध्ये कुणी जात नाही. मी मावशीला ओढून नेलं तेव्हा झाली.

पण पाचात किती देशील विचारलं तर मी साडेचार देईन, आणि तो अर्धा फक्त बाकड्यांसाठी कापलाय.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी. आधार कार्ड न्या, पण सुरक्षा क्लिनिकमध्ये ते नाही म्हणून मला परत पाठवलं नव्हतं. सोमवारी जाऊ नका, गर्दी मरणाची. एकटीला जायचं धाडस होत नसेल तर आधी १०९७ ला फोन करा, फुकट लागतो, नाव सांगावं लागत नाही. नवऱ्याला नेलंत तर उत्तम, नाही आला तर त्याच्यासाठी थांबू नका. मावशीसारख्या ज्यांना कमाईचं पक्कं साधन नाही त्यांनी काउन्सेलरला संजय गांधी निराधार योजनेचं विचारा, आजारामुळे त्यात बसतं, मावशीचं तसंच झालं. आणि अंगावरून जात असेल, जळजळ असेल, जखम असेल तर पाच महिने काढू नका मी काढले तसे, औषध एका पाकिटात मावतं.

मावशीला हे सगळं वाचून दाखवलं काल रात्री. काकांचं गोदीचं राहू दे म्हणाली. कापसाचं ऐकून हसली. मग म्हणाली, एक राहिलं, दीडला जेवणाची सुट्टी होते आणि अडीचपर्यंत खिडकी बंद असते, ते लिही, बाया लांबून येतात आणि उन्हात उभ्या राहतात.